अंगण खरेच वाकडे असते तेव्हा



भर स्पर्धेत नेमबाजाचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बिघडले तर काय, हा आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. मालवणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न कुणाला पडणार? परंतु बंदूक ही कोकणाला अगदीच परकी वस्तू नव्हे. वानर आणि रानडुकरे यांपासून बागायत राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारी घरे या जिल्ह्यात आहेत. पावसाळी हवेने दारू सर्दावली की चाप ओढूनही बार उडत नाही, हे त्या घरांना आम्ही सांगण्याची गरज नाही. शेतात बार फुकट गेला तर डुक्कर पळून जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा राखण करता येते. स्पर्धेत ती दुसरी रात्र नसते. म्हणून या विषयात एक न्यायाचा प्रश्न दडलेला आहे, आणि तोच आम्हांला आपणापुढे मांडावयाचा आहे.

आपल्याकडे एक म्हण फार लवकर ओठांवर येते: नाचता येईना, अंगण वाकडे. हरलेल्या माणसाने हत्याराकडे बोट दाखवले की आपण हसतो आणि ही म्हण त्याच्या तोंडावर मारतो. म्हण खोटी नाही. पण अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते, त्याचे काय? ते वाकडे आहे की नाही हे ठरवायचे कुणी आणि कसे?

आधी यंत्राकडे पाहू. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे चक्र असते. घोडा मागे गेला की ते एक घर पुढे सरकते आणि नवे काडतूस नळीच्या रेषेत येते. सॅम्युएल कोल्टने 1836 साली अमेरिकेत याचे पेटंट घेतले. या रचनेचा मोठा गुण असा की एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येते. पण चक्रच अडकले, तर हा गुण काही कामाचा नाही. न जळलेल्या दारूचे चार कण काडतुसे बाहेर काढणाऱ्या चांदणीखाली बसले, तिचा दांडा सैल होऊन पुढे आला, किंवा धक्क्याने एखादी गोळी आपल्या काडतुसातून जरा पुढे सरकली, की चक्र फिरत नाही. ते मग दुसऱ्यांदा चाप ओढून सुटत नाही.

आज 25 मीटरच्या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी आपोआप भरणारे पिस्तूल दिसते. महिलांच्या स्पर्धेत त्याचे काडतूस 5.6 मिलिमीटरचे असते आणि त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. त्या कडेत एखाद्या ठिकाणी मसाला नीट पसरलेला नसला आणि खीळ नेमकी तेथेच आपटली, तर गोळी उडत नाही. रिकामे काडतूस बाहेर फेकले गेले नाही, तरी पुढचे आत जात नाही. उत्तम कारागिरीचे हत्यारही याला अपवाद नाही.

असे झाले म्हणजे नेमबाजाने काय करावे? येथे या खेळाचा नियम मोठा विचार करण्याजोगा आहे. नेमबाजाने पिस्तुलाचे तोंड लक्ष्याकडेच ठेवावे, मूठ सोडू नये, मोकळा हात वर करावा आणि पंचाला बोलवावे. हत्यार उघडून पाहू नये. पंचाने तपासण्यापूर्वी त्याला कुणी हात लावला, तर तक्रारीचा हक्क संपला. मग पंच ते हाती घेतो, चाप ओढला होता का हे विचारतो आणि आत काय घडले आहे ते स्वतः पाहतो. काडतुसावर खिळीची खूण आहे पण ते उडाले नाही, गोळी नळीत अडकली, चापाची यंत्रणा तुटली, रिकामे काडतूस बाहेर पडले नाही: हा यंत्राचा दोष, तो ग्राह्य धरतात. पिस्तूल भरलेलेच नव्हते, सुरक्षेची कळ काढलीच नव्हती, आधीच्या गोळीनंतर चाप पुरता सोडला नव्हता: हा माणसाचा दोष, तो ग्राह्य नाही. ग्राह्य दोषाची सवलतही वाटेल तितक्या वेळा मिळत नाही.

आता दोन प्रसंग पाहू. पहिल्यात आपल्या शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत आहे. 2018 च्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. मे 2019 मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे विश्वचषकाच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात तिने 37 गुणांनी सुवर्ण जिंकले आणि टोकियो ऑलिम्पिकसाठी भारताची जागा मिळवली. त्याच अंतिम फेरीत हरियाणाची सतरा वर्षांची मनू भाकर होती. ती आघाडीवर असताना तिचे पिस्तूल बिघडले आणि 21 गुणांवर ती पाचवी राहिली. या फेरीत प्रत्येक गोळीसाठी लक्ष्य फक्त 3 सेकंद खुले असते. एका आनंदाच्या बातमीत दुसऱ्या मुलीची ही हकिकत एका ओळीत मावली.

दुसरा प्रसंग टोकियोचा. 2020 ची ही स्पर्धा महामारीमुळे 2021 मध्ये भरली. 25 जुलैला महिलांच्या 10 मीटर हवाई पिस्तूल प्रकारात 75 मिनिटांत 60 गोळ्या मारावयाच्या होत्या. पहिल्या दहा गोळ्यांत मनूने 98 गुण घेतले. दुसरी मालिका चालू असताना पिस्तूल सज्ज करण्याचा दांडा मोडला. मुंबईचे रौनक पंडित तेव्हा तिचे प्रशिक्षक होते. दुरुस्ती होऊन ती परतली तोवर बराच वेळ गेला होता आणि उरलेल्या 44 गोळ्या तिला घाईने माराव्या लागल्या. एकूण 575 गुण, क्रमांक बारावा. अंतिम फेरीतील आठवी जागा 577 गुणांवर गेली. दोन गुणांचे अंतर!

येथे कुणी विचारील, पंचांनी घड्याळ का थांबवले नाही? कारण या प्रकारात नियम निराळा आहे. येथे स्वतःचे हत्यार बिघडले, तर ते दुरुस्त करावे किंवा तपासून मान्य झालेले दुसरे घ्यावे. गेलेला वेळ मात्र आपला. जादा वेळ मिळतो तो आपला दोष नसताना, उदाहरणार्थ मैदानाचे लक्ष्ययंत्र बंद पडले तर. हा नियम आम्हांला कठोर वाटतो, पण अन्यायाचा वाटत नाही. शेजारी उभ्या असलेल्या नेमबाजानेही आपले हत्यार जपलेलेच असते. आपले मालवणचे मच्छीमार समुद्रात जाताना इंजिन बंद पडेल हे गृहीत धरूनच वल्ही बरोबर ठेवतात. वादळाची तक्रार करता येते, विसरलेल्या वल्ह्यांची नव्हे.

परंतु नियमाने वेळ परत दिला नाही, म्हणून लोकांनी समजूतही देऊ नये काय? मनू परतल्यावर, ती दडपणाखाली कोसळली, हत्याराची सबब सांगते, असे बोलणारे पुष्कळ निघाले. पंचाने जे काम हत्यार हाती घेऊन केले असते, ते या मंडळींनी घरबसल्या, हत्यार न पाहता केले. त्यांनी फक्त निकाल पाहिला आणि त्यावरून माणसाची किंमत ठरवली. पुढे 28 जुलै 2024 रोजी पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि दोन दिवसांनी सरबजोत सिंगच्या जोडीने आणखी एक. त्याच ऑलिम्पिकात कोल्हापूर जिल्ह्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रायफलमध्ये कांस्यपदकाचा मानकरी झाला. पण आमचे म्हणणे या पदकांवर उभे नाही. पॅरिसला पदक मिळाले नसते, तरी टोकियोतला तो दांडा मोडलेलाच होता.

या खेळाकडून आपण दोन गोष्टी घ्याव्यात, असे आम्हांला वाटते. ज्याचे बिघडले, त्याने हात वर करावा आणि तपासणीआधी पुरावा हलवू नये. ज्याला निवाडा करावयाचा आहे, त्याने प्रथम हत्यार हाती घेऊन पाहावे. आपल्या घरांत परीक्षेत नापास झालेला मुलगा असतो, बाजारात बुडालेला दुकानदार असतो, रिकामी होडी घेऊन परतलेला तांडेल असतो. त्यांच्यापैकी काहींचा दोष त्यांचाच असतो, काहींचा नसतो. म्हण मात्र आपण सर्वांना एकच लावतो. ती उच्चारण्यापूर्वी उठून एकदा अंगण पाहून यावे. सपाट दिसले, तर म्हण आहेच. वाकडे दिसले, तर त्यावर नाचणाऱ्याला दोष देण्याआधी कुदळ घेणे बरे.