बैठक कुठे घेतली होती?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'माहिती तंत्रज्ञानातील संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. संधींची माहिती आपली मुलं आपल्याआधी काढतात, त्यासाठी मी पुण्याहून यायची गरज नव्हती. मला बोलायचं आहे ते इंजिनिअरिंगला असताना राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, आम्ही काय शिकलो यावर. आज दुपारी आपल्याला शाळेसाठी काय करायचं ते ठरवायचं आहे. त्या निर्णयाशी याचा संबंध आहे, म्हणून हा विषय.

एनएसएस सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. सुरुवातीला ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबिर, असा तिचा साचा. आपल्या भागाला मात्र ही कल्पना नवी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हे तत्त्व त्याआधीच रुजवलं होतं. शिकणाऱ्या मुलाच्या हाताला माती लागली पाहिजे, हे आपल्या आजोबांच्या पिढीलाही पटलेलं होतं.

आमचं शिबिर २००० सालच्या जानेवारीत माण तालुक्यातल्या एका गावात होतं. आम्ही पन्नासएक जण. मुलगे देवळात आणि मुली प्राथमिक शाळेत मुक्कामाला. सकाळी श्रमदान, दुपारी सर्वेक्षण, संध्याकाळी कार्यक्रम. श्रमदान म्हणजे शोषखड्डे. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा. तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर वाळू. म्हणजे सांडपाणी रस्त्यावर न येता जमिनीत मुरतं. माणचा मुरूम ज्यांनी खणलाय त्यांना माहीत आहे, पहिल्या दिवशी फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी ते फुटतात.

पण खरं शिक्षण दुपारच्या सर्वेक्षणात झालं. आमच्या हातात छापील फॉर्म होता. कुटुंबप्रमुख कोण, जमीन किती, जनावरं किती, प्रत्येकाचा व्यवसाय काय. 'व्यवसाय' या रकान्यात बायकांच्या नावापुढे बहुतेक घरांत एकच उत्तर यायचं, 'काही नाही, घरीच असते.' माझ्या जोडीदारणीला ते खटकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी एका मावशींबरोबर विहिरीवर गेलो. तीन खेपा झाल्या. घड्याळ लावून मोजलं, सव्वादोन तास. परतताना मी म्हटलं, "मावशी, हे तर तुम्ही सांगितलंच नाहीत, कामात." त्या म्हणाल्या, "ह्ये काम न्हाय गं, ह्ये पाणी हाय."

त्या दिवशी आम्ही फॉर्मच्या समासात पेन्सिलीने दोन रकाने आखले : पाणी कोण आणतं, किती वेळ लागतो. मग वस्तीतली एक मुलगी सातवीनंतर शाळेत का गेली नाही, याचं उत्तर त्याच कागदावर दिसायला लागलं. तोवर ते 'शिक्षणाची आवड नाही' असं नोंदवलं जात होतं.

दुसरा धडा आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांनी दिला. शोषखड्डे कुणाच्या दारात खणायचे याची यादी गावाने आम्ही यायच्या आधीच तयार ठेवली होती. सरांनी ती वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "ही यादी ज्या बैठकीत झाली, ती बैठक कुठे घेतली होती?" उत्तर आलं, देवळात, सकाळी दहाला. यादीतली घरंही देवळाच्याच आजूबाजूची होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं एकही नव्हतं. सकाळी दहाला तिथली माणसं मजुरीवर गेलेली असतात, आणि देवळाच्या ओट्यावर येऊन बसायची तिथल्या बायकांना सवय नव्हती. 'या' असं कुणी म्हटलंही नव्हतं. कुणी त्यांना वगळायचं म्हणून वगळलं नव्हतं. जागा आणि वेळ ठरली, तेव्हाच ते वगळले गेले.

सरांनी दुसरी बैठक लावली. वस्तीत, हापशापाशी, संध्याकाळी साडेसातला, कंदिलाच्या उजेडात. तिथे शोषखड्डा कुणीच मागितला नाही. त्यांचं म्हणणं, हा हापसा चार महिने बंद आहे, तो सुरू करा. आम्ही भावी इंजिनिअर लगेच पाने घेऊन निघालो. सरांनी थांबवलं. हापशाचा मेकॅनिक पंचायत समितीकडे असतो. अर्ज करायला हवा. मी झकास अर्ज लिहिला आणि खाली युनिटचं नाव घालणार, तेवढ्यात सर म्हणाले, "अर्ज त्यांच्या नावाने जाऊ दे. आपण रविवारी जाणार. हापसा पुन्हा बिघडला तर कोण जाणार?"

मग वस्तीतल्या चार बायका आणि आम्ही तिघं दहिवडीला गेलो. अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक कसा मागायचा, हे आम्हालाही तिथेच कळलं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुठल्याही विषयात नव्हतं. महिनाभराने सरपंचांचं पोस्टकार्ड आलं : हापसा चालू झाला, वस्तीचा रस्ता आहे तसाच आहे.

मित्रांनो, सेवा आणि न्याय यांतला फरक मला त्या हापशापाशी कळला. शोषखड्डा खणणं ही सेवा. ती चांगलीच, त्यात कमीपणा काही नाही. पण पाणी कुणाच्या दाराशी येतं आणि कुणाला लांब चालायला लागतं, हा न्यायाचा प्रश्न आहे. आपल्या महाराष्ट्राला तो नवा नाही. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते याच प्रश्नासाठी. सत्तरच्या दशकात बाबा आढाव यांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम घेऊन गावोगाव फिरून तोच प्रश्न विचारला. आम्ही हे पुस्तकात वाचलं होतं, पाच मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं. पण ओढा ओलांडून वस्तीत गेल्यावर ते वाचलेलं समजलं.

आता माझ्या व्यवसायाचं सांगते. वीस वर्षांहून जास्त काळ मी सॉफ्टवेअर लिहिते. माझं काम म्हणजे शेवटी फॉर्मच. फरक इतकाच की तिथे समासात पेन्सिलीने रकाना आखता येत नाही. संगणकाच्या फॉर्ममध्ये जो रकाना नाही, तो माणूस त्या व्यवस्थेपुरता नसतोच. साधं उदाहरण घ्या. 'मोबाइल क्रमांक अनिवार्य' ही एक ओळ लिहायला आम्हाला मिनिट लागत नाही. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात कामावर गेलाय, त्या घरातल्या बाईला आलेला ओटीपी कुणाला दिसणार? म्हणून आमच्याकडे नवं काम आलं की मी विचारते, ही गरज कुणी सांगितली, आणि ती बैठक कुठे घेतली होती? ऑफिसातली तरुण मुलं आता हसतात, म्हणतात, मॅडमचा प्रश्न आला. पण हसून झालं की उत्तर शोधायला जातात.

आपल्यापैकी अनेकांची मुलं आता कॉलेजात आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत. काही जण नाक मुरडतात, मार्कांसाठी केलेली सेवा ती कसली सेवा? मला तसं वाटत नाही. आमच्याही शिबिरात सवलतीच्या गुणांसाठी आलेले होते, आणि त्यातले दोघे सगळ्यांपेक्षा जास्त राबले. मूल कशासाठी गेलं याला फार महत्त्व नाही. तिथे त्याला कुणी प्रश्न विचारणारं भेटलं का, याला आहे. झाड लावताना फोटो, झाडू हातात घेऊन फोटो, अहवाल, प्रमाणपत्र, एवढ्यावर भागलं तर मूल रिकामंच परत येतं. ते घरी आलं की 'काय केलंस?' एवढंच विचारू नका. 'कुणाशी बोललास, आणि ते काय म्हणाले?' हे विचारा.

आता आजचा मुद्दा. आपल्या निधीसाठी तीन प्रस्ताव आहेत : डिजिटल वर्ग, बॅचच्या नावाचं प्रवेशद्वार, आणि ग्रंथालयाची नवी खोली. तिन्ही आपुलकीने मांडलेले आहेत. पण मला सांगा, ही यादी ज्या बैठकीत झाली, ती कुठे घेतली होती? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, रात्री दहानंतर. त्या ग्रुपवर आज शाळेत शिकणारं एकही मूल नाही.

काल संध्याकाळी मी शाळेत चक्कर मारली. शिपाईमामांनी सांगितलं, दहावीचा जादा तास सुरू झाला की वाड्यांवरच्या मुली दप्तर उचलतात, कारण शेवटची एसटी सव्वापाचला सुटते. अहिल्याबाई होळकर योजनेतून त्यांना मोफत पास मिळतो, पण पास असून गाडी नसेल तर काय उपयोग? जादा तास ज्यांना सगळ्यात जास्त हवा, त्याच त्या तासाला नाहीत. डिजिटल वर्ग आपण केला, तरी सव्वापाचनंतर त्यात कोण बसणार?

कदाचित उत्तर एसटीच्या वेळेत असेल, आणि त्याला पैसा नाही, आगारात पाठपुरावा लागेल. कदाचित आणखी वेगळंच असेल. मला ते माहीत नाही, म्हणूनच माझी सूचना अशी : आज निर्णय नको. पैसे बँकेतच राहू देत. दिवाळीच्या सुट्टीत आपली कॉलेजातली मुलं तीन दिवस इथे पाठवू या. ती आठवी ते दहावीच्या मुलामुलींबरोबर बसतील, एसटी स्टँडवर थांबतील, वाड्यांवर जाऊन संध्याकाळी आयांशी बोलतील. राहायची सोय गावातले वर्गमित्र करतील, मी स्वतः तिन्ही दिवस येईन. त्यांनी आणलेली यादी आपल्या यादीशेजारी ठेवू, आणि मग हात वर करू.

सर, बाई, तुम्ही गणित तपासताना नुसतं उत्तर कधी पाहिलं नाहीत, आधी पायऱ्या पाहिल्यात. या निधीच्या पायऱ्याही तशाच तपासा, एवढी विनंती करते आणि थांबते.