पहिल्या महिन्याचं वजन

(डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण, सीपरी बाजार, झाशी)



झाशीत मराठी घरं मराठ्यांच्या सुभेदारीच्या काळापासून आहेत, त्यामुळे इथं मराठीत बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. थेट विषयालाच हात घालतो. सीपरी बाजारातल्या दवाखान्यात हल्ली एक तक्रार हमखास येते. पोळी सोडली, भात सोडला, साखर सोडली. सुरुवातीला वजन भराभर उतरलं, आता मात्र काटा हलायचं नाव घेत नाही.

माझ्या मते ही तक्रार निम्मी आपणच तयार केली आहे. पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन किलो उतरले की आपण रुग्णाची पाठ थोपटतो, आणि जमलं तर स्वतःचीही. त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृत आणि स्नायू मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तिप्पट पाणी. कर्बोदकं तोडली की हा साठा उपसला जातो. एकदा त्या वेगाची चटक लागली, की पुढे आठवड्याला पाव किलो उतरलं तरी माणूस तोंड पाडून बसतो.

खरं थांबणं त्यानंतरचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब असा, की उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी घटतो आणि भूक जवळपास 100 कॅलरींनी वाढते. आठ किलो उतरवलेल्या माणसाची भूक रोज 800 कॅलरी जास्त मागते! त्याचा निर्धार तेवढाच असतो, त्यावरचं ओझं वाढलेलं असतं. इस्राएलमध्ये 322 जणांवर झालेला, 2008 साली प्रसिद्ध झालेला दोन वर्षांचा अभ्यास पाहा. लो-कार्ब गटाचं वजन पहिल्या सहा महिन्यांत तळाला गेलं आणि मग थोडं परत चढलं. तेव्हा "पथ्य मोडलंत का?" हा आपला पहिला प्रश्न नसावा.

पहिला प्रश्न मापाचा असावा. एका कापड दुकानदारांच्या वहीत लिहिलं होतं: पनीर, भाजी, काकडी, एक चमचा तूप. चमचा घेऊन या म्हटलं, तर वहिनींनी पिशवीतून काढली वरणाची छोटी पळी! तीत 30 ग्रॅम तूप मावलं, म्हणजे 270 कॅलरी, आणि तीही दोन्ही जेवणांत. शिवाय गल्ल्याशेजारी भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी, "यात कार्ब कुठंय?" या भरवशावर दिवसभर उघडी. साठ ग्रॅम दाण्यांच्या साडेतीनशेच्या आसपास कॅलरी होतात. पोळ्या वाचवून जे मिळवलं, ते पळीनं परत केलं होतं.

अशा वेळी उरलेली अर्धी पोळीही काढून टाकायची, हा सल्ला मला पटत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 18,090 प्रौढांच्या पाहणीनं मधुमेह आटोक्यात आणण्यासाठी सुचवलेलं कर्बोदकांचं प्रमाण 49 ते 54 टक्के आहे, शून्य नव्हे. बुंदेलखंड हा हरभऱ्याचा मुलूख. वाटीभर उकडलेले हरभरे ताटात येऊ द्या, तूप मोजा, प्रथिनं वाढवा. व्यायाम आणि झोप तुम्ही सांगताच. कंबरेला टेप मात्र लावा: पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही आपल्याकडची रेघ. काटा थांबलेला असताना टेप सरकत असेल, तर काही बदलू नका. आणि दमलेल्या रुग्णाला दोन महिने आहे तिथंच टिकून राहायला सांगा, तेही उपचारच.

एक गोष्ट आजच्या चर्चेत सुटू नये. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यानं मनानं कर्बोदकं तोडली तर साखर घसरते. एसजीएलटी-2 गटातल्या गोळ्यांवर असताना कीटोअॅसिडोसिसचा धोका वाढतो, आणि त्यात रक्तातली साखर फारशी चढलेली नसतेही. औषधांची यादी पाहिल्याशिवाय आहाराचा कागद हातात देऊ नये, असा ठराव पहिल्या सत्रात मांडावा, ही माझी सूचना.