चेनला तेल कमी, फडकं जास्त

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

मागच्या भागात टायरमधल्या हवेबद्दल बोललो, त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: चेनला नक्की काय घालायचं? दुकानात ड्राय लूब, वेट लूब, वॅक्स अशा बाटल्यांची रांग असते आणि आपण गोंधळतो. तर आज ड्राय लूबबद्दल. ते कधी घ्यायचं आणि कसं लावायचं.

आधी माझा गाढवपणा सांगतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मार्च महिना. सिंहगडाचा घाट, डोणजे मागे पडलेलं. एका चढावर उभं राहून जोर लावला आणि चेन खटकन दात सोडून पुढे सरकली. पाय रिकामा खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला आणि मी रस्त्यावर. मागून जीप येत होती. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून हा भाग रेकॉर्ड होतोय.

दुकानात मेकॅनिकने चेनमध्ये गेज घातला, तर तो आरपार गेला. चेन संपलेली, आणि तिने कॅसेटचे दातही खाल्लेले. खिशाला साडेतीन हजारांची चाट. पण मला खरं लागलं ते वेगळंच. मी दर रविवारी न चुकता चेनला तेल घालत होतो हो!

ही सवय बाबांची. लहानपणी साताऱ्याला ते दर रविवारी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन सायकलपाशी बसायचे. ती सायकल वीस वर्षं चालली. मी पुण्यात पहिली गिअरची सायकल घेतली तेव्हा त्यांनी फोनवर बजावलं होतं, "अरे, चेनला कोरडी ठेवू नकोस." मी ठेवली नाही. मग बिघडलं कुठे?

बाबांच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर होतं. धूळ आत जायचीच नाही. शिवाय गिअर नाहीत, चेन रुंद आणि दणकट. माझी चेन उघडी, अरुंद, आणि रस्ता पुण्याचा. मी ओलं तेल घालायचो, त्याला धूळ चिकटायची, पुढच्या रविवारी त्या काळ्या राड्यावरच आणखी तेल. म्हणजे पॉलिश पेपर दळून तेलात कालवायचा आणि चेनला पाजायचा. तेच चाललं होतं.

आता जरा आतलं बघू. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. गिअरच्या सायकलला अशा साधारण 110 ते 118 कड्या असतात. आपण म्हणतो चेन 'ताणली', पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आणि ती जिथे फिरते ती जागा झिजते. एका कडीत 0.06 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतकी झीज झाली, की झाली 0.5 टक्के. तेवढ्यात चेन बदलायची वेळ येते. म्हणून वंगण हवं ते पिनेपाशी, रोलरच्या आत. बाहेरच्या प्लेटवर दिसणारी तेलाची चमक ही फक्त धुळीला आमंत्रण.

ड्राय लूब बाटलीत पातळच असतं. त्यात मेण किंवा पीटीएफई एका पातळ द्रवात मिसळलेलं असतं. तो द्रव मेणाला आतपर्यंत घेऊन जातो आणि नंतर उडून जातो. मागे राहतो कोरडा थर, ज्याला धूळ कमी चिकटते. वेट लूब मात्र तेलच राहतं. पाण्याला टिकतं, पण धूळ गोळा करतं.

त्यामुळे निवड सोपी आहे. ब्रँडपेक्षा रस्ता बघा. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे ड्राय. जूनमध्ये पाऊस लागला की वेट, कारण एका मोठ्या सरीत ड्राय लूब धुऊन जातं आणि चेन दुसऱ्या दिवशी चिवचिवायला लागते. आणि एक, गंजलेले नटबोल्ट सोडवायचा स्प्रे हे चेनचं वंगण नाही. त्याने उलट आतलं वंगण धुतलं जातं.

आता लावायचं कसं.

पहिलं, चेन साफ. खरंच साफ. डीग्रीसर किंवा डिझेल, जुना टूथब्रश, मग भांड्यांच्या साबणाचं पाणी, मग पूर्ण वाळवणं. पेट्रोल नको, भडका उडेल. नव्या चेनवरचं कंपनीचं ग्रीसही काढा, नाहीतर मेण धातूला धरणार नाही. ही पायरी गाळायची असेल तर ड्राय लूबवर पैसे घालवू नका.

दुसरं, बाटली नीट हलवा. मेण तळाशी बसतं.

तिसरं, चेनच्या आतल्या बाजूला, दात लागतात तिथे, प्रत्येक रोलरवर एकच थेंब. पेडल हळूहळू उलटं फिरवा. सुरुवातीची कडी ओळखायला जॉइंट लिंक बघा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर थेंब उडू देऊ नका, ब्रेक घसरेल.

चौथं, थांबा. हीच पायरी सगळे खातात. रात्री लावा, सकाळी चालवा. लावून लगेच निघालात तर द्रव उडायच्या आतच धूळ चिकटते, मग ड्राय आणि वेटमध्ये फरक काय राहिला?

पाचवं, सकाळी जुन्या बनियनचं फडकं चेनभोवती धरून पेडल उलटं फिरवा. बोटं दातांपासून लांब. बाहेरून पुसल्याने आतलं जात नाही.

ड्राय लूब लवकर संपतं, हा त्याचा तोटा. माझं 150 ते 200 किलोमीटरला पुन्हा लावणं येतं. लांब राइडला जाणार असाल तर छोटी बाटली सोबत ठेवा. चेन बोलायला लागली की उशीर झालाय असं समजा.

आणि महिन्यातून एकदा मोजा. गेज नसेल तर शाळेची पट्टी चालते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि 24 कड्या मोजा. नवी चेन बरोबर 12 इंच भरते. अर्धा सूत जास्त भरली तर नवी चेन आणा, कॅसेट बहुधा वाचेल. एक सूत जास्त म्हणजे कॅसेटही गेली. ही पट्टी मी आधी लावली असती तर गुडघा वाचला असता.

गेल्या दिवाळीत बाबा आले होते. रात्री बाल्कनीत मी थेंब मोजत बसलेलो. ते शेजारी स्टूल घेऊन बसले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "एवढंसंच?" म्हटलं, "बाबा, एवढंच पुरतं, पण आधी पुसावं लागतं." काही बोलले नाहीत. सकाळी उठलो तर फडकं त्यांच्या हातात होतं आणि चेन पुसून झाली होती.

तर या रविवारी तेल घालण्याआधी चेनवरून एक बोट फिरवा. बोट काळं झालं तर बाटली बाजूला ठेवा आणि फडकं घ्या. भेटू पुढच्या भागात, ब्रेकबद्दल बोलू. सांभाळून चालवा!