परदेशांतली चिता

राजाची अंत्ययात्रा म्हटली म्हणजे तोफगाडा, पलटणी, वाद्यें आणि रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिलेली प्रजा, असें चित्र मनापुढें उभें राहतें. परंतु करवीरच्या एका छत्रपतींचें दहन परक्या शहरांत, परक्या नदीच्या कांठीं झालें. आणि तेथें पहिला प्रश्न निघाला तो मानाचा नव्हे, परवानगीचा.

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० सालीं विलायतेस गेले, तेव्हां त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. प्रवासांत ते रोजनिशी लिहीत. बरोबरचे कॅप्टन वेस्ट यांनीं ती पुढें १८७२ सालीं प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर इटलींतील फ्लॉरेन्स येथें ३० नोव्हेंबर १८७० रोजीं महाराजांचें देहावसान झालें. फ्लॉरेन्स ही त्या वेळीं इटलीची राजधानी होती. शहर मोठें, कलेसाठीं नांवाजलेलें; पण प्रेत जाळणें ही गोष्ट तेथील कायद्यास व रूढीस सर्वस्वीं अपरिचित. बरोबरच्या मंडळींना तर स्वधर्माप्रमाणें दहन केल्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि तेंहि विलंब न लावतां. अखेर खास बाब म्हणून परवानगी मिळाली. शहराच्या पश्चिमेस कास्चीने नांवाचें मोठें उपवन आहे. त्याच्या टोंकाला मुन्योने नदी आर्नोस मिळते. त्या संगमावर चिता रचली गेली. नदीचीं नांवें परकीं असलीं तरी संगम तो संगमच, असें त्या मंडळींना वाटलें असल्यास नवल नाहीं.

त्या जागीं १८७४ सालीं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनीं योजिला तेच हे. आंतील अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकारानें घडविला. जवळच पुढें बांधलेल्या पुलासहि फ्लॉरेन्सचे लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ याच अर्थाच्या नांवानें ओळखतात. मानाची उणीव अशी भरून निघाली.

परवानगी मात्र एका प्रसंगापुरतीच होती. ज्या ब्रिटनचें सार्वभौमत्व महाराजांच्या संस्थानावर होतें, तेथें तरी दहनाची सोय कोठें होती? लंडनजवळ वोकिंग येथें १८७९ सालीं दहनाची भट्टी उभारण्यांत आली आणि एका घोड्याचें शव जाळून तिची परीक्षाहि घेतली. पण माणसाचें दहन करण्यास सरकारची अनुकूलता नव्हती. विषप्रयोगानें मारलेल्याचें प्रेत जाळलें तर पुरावाच नाहींसा होईल, ही त्यांतील मुख्य भीति. ती अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं.

ही कोंडी फोडली ती वेल्समधील विल्यम प्राइस नांवाच्या ऐंशीं वर्षें उलटलेल्या विक्षिप्त वैद्यानें. १८८४ सालीं त्यानें आपल्या तान्ह्या मुलाचें प्रेत टेंकडीवर जाळावयास घेतलें. लोक खवळले, खटला झाला. इतरांस उपद्रव न होईल अशा रीतीनें केलेलें दहन हा गुन्हा नव्हे, असा निर्णय न्यायमूर्ति स्टीफन यांनीं दिला. दुसऱ्याच वर्षीं वोकिंगची भट्टी माणसांसाठीं पेटली. त्या वर्षीं दहनें झालीं तीं तीन.

पुढें १९०२ सालीं दहनाचा कायदा झाला. कोणत्याहि राहत्या घरापासून दोनशें यार्डांच्या आंत दहनगृह बांधावयाचें तर त्या घराच्या मालकाची लेखी संमति हवी. हमरस्त्यापासून तें पन्नास यार्ड दूर हवें. एका डॉक्टरच्या दाखल्यास दुसऱ्याची पुष्टि घ्यावी लागे, आणि त्यावर तिसऱ्याची मंजुरी. हें सारें ठीकच. परंतु दहनगृह म्हणजे ‘इमारत’, अशी व्याख्या त्या कायद्यांत बसली, आणि उघड्या आकाशाखालची चिता बाहेर राहिली.

तरीहि ती पेटली. पहिल्या महायुद्धांत जखमी हिंदी शिपाई ब्रायटनच्या रुग्णालयांत होते. त्यांपैकीं जे दगावले, त्यांतल्या ५३ हिंदु व शीख सैनिकांचें दहन पॅचमच्या टेंकडीवर उघड्या चितेवर झालें. १९२१ सालीं तेथेंहि छत्री उभारण्यांत आली. १९३४ सालीं वोकिंग येथें नेपाळच्या वकिलाच्या पत्नीस याच पद्धतीनें अग्नि मिळाला. राजा, सैनिक, वकिलात, यांच्यासाठीं वाट निघत गेली.

सामान्य माणसाची पाळी आली ती फार उशिरां. न्यूकॅसल येथील देवेंदर घई या वृद्ध हिंदु गृहस्थांनीं आपल्या देहास खऱ्या अग्नीचा संस्कार व्हावा व त्यावर सूर्यप्रकाश पडावा, यासाठीं नगरपालिकेकडे जागा मागितली. नकार आला. वरिष्ठ न्यायालयांत २००९ सालीं ते हरले. अपील न्यायालयांत १० फेब्रुवारी २०१० रोजीं निकाल फिरला तो पुन्हा त्याच एका शब्दावर. ‘इमारत’ म्हणजे चारी बाजूंनीं बंद असलेली वास्तूच असें नव्हे. भिंतींत मोकळी जागा व छतास उघडें तोंड असलें तरी ती इमारतच, असें न्यायाधीशांनीं मानलें. अशा वास्तूसाठीं जागा, बांधकाम व आरोग्य यांविषयींच्या परवानग्या मात्र निराळ्या मिळवावयाच्या होत्या, आणि त्यांसाठीं अर्ज पुन्हा स्थानिक अधिकाऱ्यांकडेच करावयाचे होते.