ड्राफ्टमध्ये पडून राहिलेली गाणी

आजचा एपिसोड जरा जड आहे. म्हणजे शब्दशः जड, कारण तीन एलपी रेकॉर्ड्स एकाच खोक्यात आहेत. जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास', नोव्हेंबर १९७०.

आधी माझी गोष्ट. ऑफिसमध्ये माझं एक प्रपोजल तिसऱ्यांदा बाजूला पडलं. रात्री राजीनाम्याचा मेल टाइप केला, फक्त 'सेंड' दाबायचं बाकी होतं. रूममेट म्हणाला, "अरे, आधी हे ऐक, मग काय ती बोंब मार." आणि त्याने रेकॉर्डवर पिन ठेवली.

जॉर्ज म्हणजे बीटल्समधला सगळ्यात धाकटा. गाणी लिहायचे लेनन आणि मॅकार्टनी. जॉर्जच्या वाट्याला एका एलपीवर दोन-तीन गाणी आली तरी खूप. बीटल्सच्या सिंगलवर त्याचं गाणं पहिल्यांदा आलं १९६८ मध्ये, तेही मागच्या बाजूला. ते गाणं 'द इनर लाइट', आणि त्याचं संगीत रेकॉर्ड झालं होतं आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत!

१० जानेवारी १९६९, शुक्रवार. तालीम चालू असताना जॉर्ज बँड सोडून घरी गेला आणि त्याच दिवशी 'वाह-वाह' हे गाणं लिहिलं. मला वाटलं, बघ, हाच तर माझा मेल!

पण पुढचं ऐका. तो दोन आठवड्यांच्या आत, स्वतःच्या अटी घालून परत आला. २५ फेब्रुवारीला, म्हणजे त्याच्या २६व्या वाढदिवशी, एकटाच स्टुडिओत गेला आणि तीन गाण्यांचे डेमो करून ठेवले. त्यातलं 'समथिंग' त्याच वर्षी गाजलं. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' मात्र पडून राहिलं. १९७०च्या एप्रिलमध्ये बँड फुटला आणि मे महिनाअखेरीस जॉर्ज ही सगळी साठवण घेऊन रेकॉर्डिंगला बसला. वय २७. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान!

फोनवर हे २३ ट्रॅक शफलमध्ये वाहून जातात. रेकॉर्डवर तसं नाही. वीसेक मिनिटांनी बाजू संपते, उठावं लागतं. पहिल्या बाजूचा शेवट 'इझन्ट इट अ पिटी', सात मिनिटांचं गाणं. ते लिहिलेलं १९६६च्या सुमारास, म्हणजे चार वर्षं ड्राफ्टमध्ये! एक तांत्रिक गंमत सांगतो. रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते, पण आत जाताना वर्तुळ लहान होतं, म्हणून तिथे पिनखालून सेकंदाला कमी खाच सरकते आणि आवाजातले बारकावे धरणं अवघड होतं. हे एवढं मोठं गाणं नेमकं त्या आतल्या, अडचणीच्या जागेत आहे. तरी अंगावर काटा येतो.

आता खरं बोलू. तिसरी रेकॉर्ड बोअर आहे. 'ॲपल जॅम' नावाचं, मित्रमंडळींनी मिळून केलेलं मोकाट वाजवणं. निर्माता फिल स्पेक्टरसोबत चढवलेला प्रतिध्वनी तर पुढे खुद्द जॉर्जलाही जास्त वाटायला लागला. 'नको' म्हणणारं कोणी उरलं नाही की असंही होतं!

इथे माझी ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी मी नाकारलेल्या प्रपोजल्सचं फोल्डर उघडलं. एकूण अकरा होती. प्रामाणिकपणे वाचल्यावर नऊ माझंच 'ॲपल जॅम' निघालं. दोन मात्र खणखणीत होती. ती नीट पूर्ण केली, छोटा डेमो बनवला आणि पुन्हा मांडली. एक मंजूर झालं, दुसरं अजून लटकलंय. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे, पण 'सेंड' दाबायची घाई गेली.

तुमचंही असं एखादं फोल्डर असेलच. आज रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाका, अल्बम आधी डाउनलोड करून ठेवा आणि तिसरी बाजू, म्हणजे दहाव्या ट्रॅकपासून चौदाव्यापर्यंत, सलग ऐका. मग ते फोल्डर उघडा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!