पाण्याखालचा कॅमेरा आणि कांचेचा घुमट

समुद्राच्या पोटांत काय दडलें आहे हें डोळ्यांनीं पाहावें, ही माणसाची इच्छा फार जुनी; परंतु जें पाहिलें तें चित्ररूपानें वर आणून इतरांना दाखवावें, ही इच्छा त्या मानानें अलीकडची. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथ या गांवीं विल्यम थॉम्प्सन नांवाच्या वकिलानें १८५६ सालीं एका पेटींत कॅमेरा बसविला आणि ती पेटी समुद्राच्या तळाशीं सोडली. पेटींत पाणी शिरलें. तरीहि आंतल्या कांचेवर एक अंधुक चित्र उमटलें. पुढें १८९३ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स येथील सागरी प्रयोगशाळेंत काम करणारे प्राणिशास्त्रज्ञ लुई बुतां हे स्वतः पाणबुड्याचा पोषाख चढवून कॅमेऱ्यासह पाण्यांत उतरले. त्यांच्या पेटीला रबराचा एक फुगा जोडलेला असे. खोलीबरोबर बाहेरचा दाब वाढला कीं फुग्यांतील हवा पेटींत शिरे आणि आंतबाहेरचा दाब सारखा होई. त्यानंतर १९२६ सालीं फ्लॉरिडाजवळच्या समुद्रांत लाँग्ली व मार्टिन या दोघां अमेरिकनांनीं मॅग्नेशियमची भुकटी पेटवून तिच्या उजेडांत माशाचें रंगीत छायाचित्र घेतलें.

पाणी आंत शिरतें, दाब वाढतो आणि प्रकाश अपुरा पडतो, या तीन अडचणी या चौघांच्या प्रयत्नांत स्पष्ट दिसतात. आज त्या तिहींवर बाजारांत उपाय मिळतात. म्हणून आजच्या हौशी माणसापुढें प्रश्न उरतो तो निवडीचा. बहुतेक लोक आधीं उत्तम म्हणून गाजलेला कॅमेरा घेतात, मग त्याला बसेल अशी जलाभेद्य पेटी, म्हणजे हाऊसिंग, शोधतात आणि पेटीच्या तोंडावरची कांच जी मिळेल ती पदरांत पाडून घेतात. हा क्रम उलटा आहे. कोणतें चित्र हवें हें आधीं ठरवावें. त्यावरून भिंग, भिंगावरून कांच, कांचेवरून पेटी आणि सरतेशेवटीं कॅमेरा निवडावा. असें कां, हें कळण्यासाठीं चौथी एक अडचण समजून घेतली पाहिजे.

ती अडचण घरींहि पाहतां येते. एका पसरट पातेल्यांत रुपया ठेवावा आणि पातेल्याच्या कांठाआड तो दिसेनासा होईपर्यंत मागें सरावें. मग दुसऱ्या कोणाकडून हळूहळू पाणी ओतवावें. रुपया जागचा हालत नाहीं, पण दिसूं लागतो. पाण्यांतून हवेंत येतांना प्रकाशाचा किरण वांकतो, त्याचा हा परिणाम. पेटीच्या बाहेर पाणी आणि आंत हवा असते; तेव्हां कॅमेऱ्यापुढें हाच खेळ अखंड चालूं असतो. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, म्हणजे सुमारें चारतृतीयांश आहे. त्यामुळें सपाट कांचेतून पाहिलेली वस्तु खऱ्या अंतराच्या तीनचतुर्थांश अंतरावर असल्याचा भास होतो आणि चित्रांत ती एकतृतीयांशानें मोठी उमटते. ज्या भिंगाचा आंवाका हवेंत ९० अंशांचा, त्याचा आंवाका सपाट कांचेमागें सुमारें ६४ अंशांवर येतो. शिवाय चित्राच्या कडेला रंग फुटतात आणि रेषा ताणल्या जातात.

यावरून सपाट कांच टाकाऊ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. बोटाएवढा मासा, लहान खेंकडा किंवा पोंवळ्याच्या एका फांदीचें टोंक टिपावयाचें असेल, तर वस्तु मोठी दिसणें हा लाभच आहे. अशा कामाच्या भिंगाचा आंवाका मुळांतच अरुंद असल्यामुळें कडेचे दोषहि फारसे जाणवत नाहींत. सपाट कांच लहान, हलकी आणि स्वस्त असते. जलचरांच्या सूक्ष्म सृष्टींतच ज्याचें मन रमतें, त्यानें घुमटाच्या नादीं लागूं नये.

परंतु बुडालेलें जहाज, माशांचा थवा किंवा पोहणाऱ्या मनुष्यासह सारा देखावा हवा असेल, तर घुमटाकार कांच, म्हणजे डोम पोर्ट, घेणें भाग आहे. घुमटाच्या मध्यबिंदूकडे येणारा प्रत्येक किरण कांचेवर काटकोनांत पडतो आणि म्हणून न वांकतां सरळ आंत येतो. भिंगाचा आंवाका पुन्हा पूर्ण मिळतो. मात्र भिंगांतील किरणांचें प्रवेशस्थान घुमटाच्या मध्यबिंदूशीं जुळलें पाहिजे. त्यासाठीं पेटी व घुमट यांच्यामध्यें योग्य लांबीचें कडें बसवावें लागतें. कोणत्या भिंगाला कोणता घुमट आणि केवढें कडें, याचे तक्ते पेटी तयार करणारे कारखानेच देतात. तो तक्ता पाहिल्यावांचून पैसे मोजणें म्हणजे पायाचें माप न घेतां जोडा शिवविण्यासारखें आहे.

घुमटाचा आणखी एक स्वभाव ध्यानांत ठेवावा लागतो. पाण्यांत बुडालेला घुमट स्वतःच एक भिंग बनतो आणि दूरच्या वस्तूंची आभासी प्रतिमा आपल्या अगदीं जवळ उभी करतो. कांचेच्या जाडीचा विचार सोडला, तर हें अंतर घुमटाच्या त्रिज्येच्या तिप्पट भरतें. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या घुमटापुढें सारा दूरचा समुद्र जणूं ३० सेंटिमीटरांवर येऊन बसतो. ५ सेंटिमीटरांच्या घुमटापुढें तोच १५ सेंटिमीटरांवर. म्हणून जें भिंग जवळच्या वस्तूवर जुळतच नाहीं, तें हवेंत कितीहि नांवाजलेलें असो, घुमटामागें निरुपयोगी ठरतें. त्यांतून ही प्रतिमा सपाट नसून वक्र असते. त्यामुळें मध्यभाग रेखीव आणि कोपरे पुसट अशीं चित्रें येतात. भिंगाचें छिद्र एफ/८ किंवा एफ/११ पर्यंत लहान केलें कीं हा दोष पुष्कळ कमी होतो. मोठ्या घुमटांत तो मुळांतच कमी असतो.

मग मोठाच घुमट कां घेऊं नये? तर मोठ्या घुमटांत हवा अधिक, आणि हवा वर उचलते. तास-तासभर मनगट पिळवटत पेटीचें तोंड खालीं दाबून धरावें लागतें. प्रवासांत त्याचें ओझें आणि खर्च हीं निराळींच. अतिविशाल आंवाक्याचीं, म्हणजे फिशआय जातीचीं, भिंगें अगदीं जवळच्या वस्तूवर जुळतात आणि लहान घुमटामागेंहि चांगलें काम देतात. मात्र चित्राचा अर्धा भाग पाण्याखालचा आणि अर्धा पाण्यावरचा असा देखावा हवा असेल, तर मोठा घुमटच सोयीचा. कारण पाण्याची रेघ कांचेवर भिंगापासून दूर राहते आणि बारीक दिसते. घुमट ॲक्रिलिकचाहि मिळतो. तो हलका व स्वस्त असतो. त्यावर चरे लौकर पडतात, पण ते घांसून काढतां येतात. खऱ्या कांचेवर चरा सहसा पडत नाहीं; पडला तर घरीं निघत नाहीं.

आतां पेटीचा विचार. पाण्यांत दर १० मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम दाब वाढतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या सपाट कांचेवर ३० मीटर खोलीवर सुमारें ९४० किलोग्रॅम, म्हणजे एका लहान मोटारीच्या वजनाएवढा भार येतो. विजापूरचा गोल घुमट ज्या न्यायानें आपला भार कडेच्या भिंतींवर सोंपवितो, त्याच न्यायानें कांचेचा घुमटहि हा दाब कडेकडे वांटून देतो. हौशी पाणबुडे सामान्यतः ४० मीटरांच्या खालीं जात नाहींत. तेव्हां त्याहून अधिक खोलीची हमी असलेली पेटी पुरेशी होते. प्लॅस्टिकची पेटी स्वस्त आणि पारदर्शक असते, आंत थेंब शिरला तर लगेच दिसतो. ॲल्युमिनियमची पेटी टिकाऊ आणि तिचीं बटणें अधिक खात्रीचीं. पण ती पुष्कळदां आंतल्या कॅमेऱ्याहून महाग पडते.

येथेंच खरेदीची खरी मेख आहे. बहुधा पेटी ही एकाच कॅमेऱ्याच्या अंगाबेताची असते. दोनतीन वर्षांनीं नवा कॅमेरा घेतला कीं जुनी पेटी अडगळींत जाते. घुमट व भिंगें मात्र पुढच्या पेटीलाहि पुष्कळदां चालतात. १९६३ सालीं निघालेला निकोनॉस कॅमेरा पेटीवांचून सरळ पाण्यांत जात असे आणि त्याचें भिंग पाण्याला भिडत असे. परंतु त्याचें उत्पादन २००१ सालीं थांबलें. तेव्हां कॅमेरा निवडतांना सर्वांत नवा कोणता हें विचारण्याऐवजीं, योग्य भिंग व तयार पेटी कोणत्या कॅमेऱ्याला मिळते हें विचारावें. नवशिक्यानें साधा लहान कॅमेरा, त्याची प्लॅस्टिकची पेटी आणि पाण्यांतच चढवितां-उतरवितां येणारें बाहेरचें भिंग एवढ्यावर आरंभ केला, तरी पुष्कळ शिकण्यासारखें आहे.

प्रकाशासाठींहि खर्चाचा एक वांटा राखून ठेवावा. पाणी तांबडा रंग सर्वांत आधीं गिळतें. थोड्याच मीटरांवर लाल मासा काळपट दिसूं लागतो. म्हणून जवळून फ्लॅशचा उजेड द्यावा लागतो. मालवणच्या किनाऱ्याला सिंधुदुर्गाच्या आसपास पुष्कळ लोक बुड्या मारतात. तेथील पाणी अंदमान-लक्षद्वीपच्या मानानें गढूळ. त्यांत तरंगते कण फार. फ्लॅश भिंगाशेजारीं ठेवला तर प्रत्येक कण उजळून चित्रांत जणूं बर्फ पडतें. तो लांब दांड्यावर बाजूला न्यावा आणि वस्तूच्या शक्य तितकें जवळ जावें, म्हणजे मधलें पाणीच कमी होतें. मोठ्या आंवाक्याच्या भिंगाचें व घुमटाचें मर्म हेंच आहे: जवळ जाऊनहि देखावा पुरता सांपडतो. गढूळ पाण्याच्या किनाऱ्यावर घुमटाची गरज म्हणूनच अधिक.

मात्र जवळ जाणें म्हणजे अंगावर जाणें नव्हे. ज्याला पाण्यांत स्थिर तरंगतां येत नाहीं, त्याच्या पायाच्या एका फटकाऱ्यानें अनेक वर्षांत वाढलेलें पोंवळें मोडतें. आणि कॅमेऱ्यांत गुंतलेला माणूस आपल्या टांकींत हवा किती उरली हें पाहण्यास विसरतो. तेव्हां आधीं पाणबुडेपणाचें शिक्षण पुरें करावें, मग कॅमेरा हातीं घ्यावा.

शेवटचा मुद्दा लहान, पण सारा संसार त्यावर उभा. पेटीच्या दोन भागांमधून पाणी शिरूं न देणारी वस्तु म्हणजे एक रबरी कडी. कुकरची रिंग नीट बसली नाहीं तर वाफ निसटते आणि डाळ कच्ची राहते. येथें तिच्यावर एक केंस किंवा वाळूचा कण राहिला तर कॅमेरा जातो. ती दर वेळीं बोटानें चांचपून स्वच्छ करावी, कारखान्यानें सांगितलेलें वंगण तिला नुसतें चमकेल इतकेंच लावावें आणि समुद्रांतून वर येतांच पेटी गोड्या पाण्यांत बुडवून ठेवावी. नवी पेटी घेतली कीं पहिल्या बुडीला ती रिकामीच न्यावी. आंत कागदाचा एक कोरडा तुकडा ठेवावा. वर आल्यावर तो कोरडाच निघाला, म्हणजे दुसऱ्या बुडीला कॅमेरा आंत ठेवण्यास हरकत नाहीं.