संथ चालीची विद्या
(मोटारसायकलस्वार पोलिसांच्या प्रशिक्षणाविषयी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या क्रीडादिनी किंवा गावच्या उत्सवात सायकलींची एक गमतीची शर्यत होत असते. या शर्यतीत जो सर्वांत शेवटी पोहोचतो तो पहिला ठरतो आणि ज्याचा पाय जमिनीला टेकतो तो बाद होतो. एरवी भरधाव सायकल मारणारी मुले येथे पाच-दहा हातांवरच पाय टेकतात. प्रेक्षक हसतात, टाळ्या वाजवितात आणि घरी जातात. परंतु या खेळात दुचाकी वाहनाचे एक मोठे मर्म दडलेले आहे. दुचाकीचा तोल बऱ्याच अंशी तिचा वेग सांभाळीत असतो. वेग कमी झाला की तो चालकाला स्वतः सांभाळावा लागतो. हे मर्म ओळखून अमेरिकेतील पोलीस खात्यांनी संथ गतीने मोटारसायकल चालविण्याचा एक कसोशीचा शिक्षणक्रम तयार केला आहे. त्याचा परिचय करून देणे आणि त्यातून आपल्या रस्त्यांसाठी काय घेण्याजोगे आहे याचा विचार करणे, हा या भाषणाचा हेतू आहे.

अमेरिकेत पोलिसांच्या हाती मोटारसायकल आली ती विसाव्या शतकाच्या प्रारंभी. आपली पहिली पोलीस मोटारसायकल १९०८ साली डेट्रॉइट शहराच्या पोलिसांना दिली, असे हार्ले-डेव्हिडसन कंपनी सांगते. १९२९ साली कॅलिफोर्निया राज्याचे महामार्ग पोलीस दल स्थापन झाले आणि मोटारसायकलस्वार पोलीस ही त्या दलाची ओळखच बनली. १९३६ साली इलिनॉय राज्यातील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने वाहतूक सुरक्षेचे शिक्षण देणारी संस्था काढली. मोटारसायकलस्वार पोलिसांसाठी तिने आखलेला वर्ग दोन आठवड्यांचा, म्हणजे ८० तासांचा असतो.

मोटारसायकलवरचा पोलीस म्हटला की सायरन वाजवीत चाललेला भरधाव पाठलाग डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्यक्षात त्याचे बरेचसे काम माणसाच्या चालीने चालते. मिरवणुकीच्या पुढे राहावयाचे, खोळंबलेल्या मोटारींमधून वाट काढीत अपघातस्थळी पोहोचावयाचे, अरुंद रस्त्यावर जागच्या जागी वळून उलट दिशेने निघावयाचे, गर्दीत कोणाला धक्का न लावता पुढे सरकावयाचे, अशी ही कामे आहेत. शिवाय हे वाहन हलके नसते. बिनतारी यंत्र, दिवे, सायरन व सामानाच्या पेट्या लावलेल्या मोठ्या हार्ले-डेव्हिडसन गाडीचे वजन साडेतीनशे किलोच्याही वर जाते. ती चालत्या माणसाच्या वेगाने वळत असताना कलंडली, तर नुसत्या हाताच्या बळावर सावरता येत नाही. त्यातून स्वाराचा पाय तिच्याखाली अडकू शकतो किंवा शेजारचा पादचारी जायबंदी होऊ शकतो.

संथ गतीने चालविणे इतके अवघड का, हे समजून घेतले पाहिजे. तळहातावर काठी उभी धरणारा मुलगा काठी ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला हात नेतो. दुचाकीचेही तसेच आहे. गाडी डावीकडे झुकू लागली की पुढचे चाक किंचित डावीकडे वळते आणि चाके पुन्हा भाराखाली येतात. वेग असताना हे काम हँडलच्या नकळत होणाऱ्या हालचालीने पार पडते. वेग मंदावला की त्याच कामासाठी हँडल अधिक वळवावे लागते, आणि तेही वेळेवर. नवखा चालक येथे घाबरतो, हात आखडतो, रेस सोडून देतो आणि पुढचा ब्रेक दाबतो. त्याच क्षणी गाडी आडवी होते.

म्हणून प्रशिक्षणाच्या प्रारंभी शिकविली जाते ती पडलेली गाडी उचलण्याची रीत. इंजिन बंद करावयाचे, शक्य असल्यास गाडी गिअरमध्ये टाकावयाची आणि उजव्या अंगावर पडली असेल तर बाजूचे स्टँड आधीच उघडून ठेवावयाचे. मग बैठकीला पाठ लावून उकिडवे बसावयाचे, एका हाताने हँडल व दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरावयाचा आणि कंबर न वाकविता पायांच्या जोरावर मागे मागे सरकत गाडी उभी करावयाची. बेताच्या बांध्याची माणसेही या रीतीने अवजड गाडी उभी करतात. ही रीत आधी शिकविण्यामागे एक विचार आहे. शिकताना गाडी पडणारच, हे शिष्याने मान्य केलेले असले म्हणजे पडण्याची लाज उरत नाही. आणि लाज गेल्याशिवाय विद्या येत नाही.

त्यानंतर तीन गोष्टींचा मेळ शिकविला जातो. पहिली गोष्ट क्लचची. क्लचची मूठ पूर्ण दाबली की इंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण सोडली की सगळी पोहोचते. या दोहोंमधल्या थोड्याशा पल्ल्यात शक्ती हवी तेवढी देता येते. आपले चालक यालाच हाफ क्लच म्हणतात. दुसरी गोष्ट रेसची. ती थोडी पण स्थिर ठेवावयाची, वरखाली करावयाची नाही. तिसरी गोष्ट मागच्या ब्रेकची. तो पायाने हलकेच दाबून धरावयाचा. इंजिन पुढे ओढते, ब्रेक मागे धरतो, आणि या ताणामुळे गाडी संथ असूनही डळमळत नाही. हँडल वळलेले असताना पुढच्या ब्रेकला मात्र हात लावावयाचा नाही. एरवी गाडी थांबविण्याचा मोठा वाटा पुढच्याच ब्रेकचा असतो. पण संथ वळणात तोच गाडी पाडतो.

या तिन्हींच्या वर चौथी गोष्ट नजरेची. चालक जेथे पाहतो तिकडे गाडी जाते. चाकापुढच्या खड्ड्याकडे पाहणारा खड्ड्यातच जातो. म्हणून वळताना हनुवटी खांद्यापर्यंत फिरवून, जेथे पोहोचावयाचे आहे तेथे दृष्टी ठेवावयास शिकवितात. अनुभवी चालकालाही ही सवय जड जाते, कारण भीती वाटली की माणूस खाली पाहतो.

या सर्वांचा सराव मोकळ्या फरसबंद मैदानावर, रबरी शंकू मांडून केला जातो. शंकूंच्या रांगेतून नागमोडी जाणे, आखलेल्या चौकटीत इंग्रजी आठचा आकडा काढणे, अरुंद वाटेने आत शिरून लहानशा वर्तुळात फिरून त्याच वाटेने बाहेर पडणे, असे हे पाठ असतात. शंकूला चाक लागले की चूक, पाय टेकला की चूक. चुकांची मोजदाद होते आणि पाठ पुन्हा करावा लागतो.

वेग आणि वळण यांचे नाते साध्या हिशेबाने कळते. गाडी उभ्या रेषेपासून ३० अंश झुकवून ताशी १५ किलोमीटर वेगाने वळविली, तर तिच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ६ मीटर येतो. वेग २० केला तर तोच व्यास सुमारे ११ मीटर होतो, आणि ३० केला तर २४ मीटरांच्या वर जातो. वेग दुप्पट झाला की वळणाला लागणारी जागा चौपट होते. आपल्याकडील दुपदरी रस्त्याचा डांबरी भाग साधारणपणे ७ मीटर रुंद असतो. म्हणजे एका दमात उलट वळणे ताशी १५ किलोमीटरला जेमतेम साधते. ताशी २० किलोमीटर वेगाने तितकेच झुकून वळणारा चालक रस्त्याबाहेर जातो. पाच किलोमीटरच्या फरकात रस्ता आणि गटार यांचे अंतर सामावलेले आहे.

अर्थात केवळ संथ चाल येणे पुरेसे नाही. वेगात असताना दोन्ही ब्रेक लावून कमीत कमी अंतरात थांबणे आणि अचानक आलेला अडथळा चुकविणे, हेही पोलिसांना शिकविले जाते. परंतु संथ चालीत हात, पाय आणि नजर यांना जी शिस्त लागते, तिच्या पायावरच पुढचे शिक्षण उभे राहते.

हे शिक्षण केवळ पोलिसांच्या उपयोगाचे आहे काय? याचे उत्तर १९८१ साली कॅलिफोर्नियातच मिळाले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील मोटारसायकल अपघातांचा अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध केला. सुमारे ९०० अपघातांची पाहणी त्यांच्या पथकाने जागेवर जाऊन केली होती व ३,६०० अपघातांची पोलीस कागदपत्रे तपासली होती. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. पद्धतशीर शिक्षण घेतलेल्यांचा अपघातांतील सहभाग कमी होता आणि त्यांना होणाऱ्या इजाही कमी होत्या. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आदळण्याच्या क्षणी निम्म्या गाड्यांचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर किंवा त्याहून कमी होता. बाजारात जाणाऱ्या माणसाचा जो वेग, तोच हा वेग.

आता आपल्याकडे वळू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ माणसे दुचाकीवर होती. म्हणजे त्या वर्षी दररोज सरासरी दोनशेहून अधिक घरांतून दुचाकीवर बाहेर पडलेले माणूस परत आले नाही. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत, आणि संथ चालीची विद्या हा त्या सर्वांवरचा उतारा नव्हे. परंतु आपल्याकडेही बहुसंख्य माणसे भावाकडून किंवा मित्राकडून, एका संध्याकाळी गाडी शिकलेली असतात, हे कोणी नाकारणार नाही.

गमतीची गोष्ट अशी की, अमेरिकेतील पोलीस ज्या आठच्या आकड्यावर घाम गाळतात, तो आकडा आपल्याला अपरिचित नाही. दुचाकीचा परवाना काढताना आठ काढून दाखवावा लागतो, हे शेंबडे पोरही सांगेल. पण आपण त्या आठाकडे केवळ एक उपचार म्हणून पाहतो. आदल्या दिवशी कसाबसा सराव करावयाचा, परीक्षकापुढे पाय न टेकता एक फेरी मारावयाची आणि परवाना खिशात पडला की तो आठ कायमचा विसरावयाचा, अशी आपली रीत आहे. वास्तविक त्या आठात हाफ क्लच, मागचा ब्रेक, नजर आणि तोल या सर्वांची एकत्र परीक्षा असते. चाचणी संपली तरी आठ संपत नाही.

गोव्याच्या जीवनात तर हा आठ पदोपदी भेटतो. फेरीबोटीच्या ओल्या फळीवरून गाडी चढविताना पुढे माणसे, मागे मोटार आणि बाजूला पाणी असते. तेथे वेग कामी येत नाही, हाफ क्लचच कामी येतो. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलीवरून भाडे नेणारा पायलट बाजाराच्या गर्दीतून मागच्या उतारूला हिसका न देता वाट काढतो, तेव्हा तो हीच विद्या वापरीत असतो; ती त्याला कोणी वर्गात शिकविलेली नसते, पोटाने शिकविलेली असते. शिगमोत्सवाच्या मिरवणुकीबरोबर चालणाऱ्या पोलिसालाही तीच लागते. पावसाळ्यात लाल चिखलाने निसरड्या झालेल्या वाड्यावरच्या वळणावर ती प्रत्येकालाच लागते.

गिअर नसलेल्या स्कूटरवर हाफ क्लच नसतो, म्हणून ती चालविणाऱ्या भगिनींनी ही विद्या आपली नव्हे असे समजू नये. डाव्या हाताचा ब्रेक हलकेच धरून थोडी स्थिर रेस दिली की तीच संथ चाल साधते. मात्र १ एप्रिल २०१९ पासूनच्या लहान इंजिनांच्या नव्या गाड्यांत डावा ब्रेक दाबला असता पुढचाही थोडा लागेल, अशी योजना बहुधा असते. म्हणून हँडल पूर्ण वळलेले असताना तो अलगदच दाबावा.

या सरावाला मोठ्या खर्चाची गरज नाही. गावाबाहेरचे मोकळे मैदान, एखादा रविवार आणि शंकूंच्या जागी नारळाच्या करवंट्या एवढे पुरे आहे. दोन रेषा ९ मीटर अंतरावर आखाव्यात, त्यांच्या आत पाय न टेकता वळण्याचा सराव करावा आणि जमू लागले की अंतर ७ मीटरवर आणावे. हेल्मेट, बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, परवानाधारकांनीच गाडीला हात लावावा आणि पडलेल्याला कोणी हसू नये. शिक्षकांनी मुलांच्या हाती मोटारसायकल जाऊ देऊ नये. संथ सायकलींची शर्यत मात्र अवश्य घ्यावी, आणि शर्यत झाल्यावर शेवटी आलेला पहिला का ठरला, हे मुलांना समजावून सांगावे. परवान्याची चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी नापास झालेल्यास परत पाठविताना त्याचे नेमके काय चुकले, नजर की ब्रेक, एवढे सांगितले तरी त्या आठाला अर्थ प्राप्त होईल.

‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी आपण रस्त्याच्या कडेला नित्य वाचतो. घाई करू नये, हे ती सांगते. सावकाश कसे जावे, हे मात्र शिकावेच लागते. साडेतीनशे किलोची गाडी सहा मीटरांत वळविणारा पोलीस ते शिकला, कारण त्याच्या खात्याने त्याला ८० तास दिले. आपल्यातील प्रत्येक चालकाने स्वतःला त्यातील दोन-चार तास जरी दिले, तरी त्याच्या घरच्या माणसांची संध्याकाळची काळजी थोडी हलकी होईल.